शाळा सुटल्यानंतरचे गुरुजी

शिक्षकाच्या आठवड्याचे वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर लावलेले असते. सोमवारी पहिला तास कोणाचा, शनिवारची सकाळची शाळा किती वाजता सुटते, हे त्यात पाहून कोणालाही सांगता येते. परंतु शिक्षकाच्या ज्या कामाला त्या तक्त्यात जागा नसते, त्याची नोंद कोठेच होत नाही. आजारी विद्यार्थ्याच्या घरी जाऊन येणे, फी थकलेल्या मुलासाठी चार प्रतिष्ठितांचे दरवाजे ठोठावणे, गावातील लग्नकार्याला आणि मयतीला हजर राहणे, मुलीचे नाव शाळेतून काढू नये म्हणून तिच्या वडिलांशी तासभर बोलत बसणे, रात्री जेवण झाल्यावर वह्या तपासणे, ही सारी तक्त्याबाहेरची कामे. त्यांचा वेगळा पगार नाही आणि ती केली नाहीत तरी कोणी जाब विचारत नाही. असे असूनही विद्यार्थी मोठा झाल्यावर त्याला आपल्या शिक्षकाविषयी जे आठवते ते बहुधा तक्त्यातले नसते, तक्त्याबाहेरचेच असते.

या तक्त्याबाहेरच्या कामाला ज्यांनी आपले सारे जीवन वाहिले, अशा एका शिक्षकाची ओळख विद्यार्थी मित्रांना आणि पालकांना करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे. हे शिक्षक म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी. ‘श्यामची आई’ या पुस्तकाचे लेखक म्हणून त्यांना घरोघरी ओळखतात. स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते. परंतु एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. गुरुजींनी शाळेत प्रत्यक्ष नोकरी केली ती अवघी सहा वर्षे, १९२४ ते १९३०. आपल्याकडे तीस-पस्तीस वर्षे सेवा करून निवृत्त झालेले शिक्षक कितीतरी आहेत. मग सहा वर्षांच्या नोकरीवर ‘गुरुजी’ ही पदवी जन्मभर, आणि मृत्यूनंतरही, त्यांच्या नावाला कशी चिकटून राहिली? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या शाळेतल्या तासांत शोधून भागणार नाही. ते शाळा सुटल्यानंतरच्या वेळात शोधावे लागते.

बालपण आणि शिक्षण

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे. एके काळी संपन्न असलेले हे घर गुरुजींच्या लहानपणापर्यंत कर्जात बुडाले होते. खोतीचा मान उरला होता, पैसा उरला नव्हता. अशा घरातील मुलाची कुचंबणा जास्त होते, कारण बाहेरच्यांना गरिबी दिसत नाही आणि घरातल्यांना ती लपवावी लागते. आई यशोदाबाई यांनी या हलाखीतही मुलांना खोटे बोलू दिले नाही, कोणाचा हेवा करू दिला नाही आणि कोणाला हीन लेखू दिले नाही. गुरुजींचे पहिले विद्यालय हेच.

पुढील शिक्षणासाठी ते दापोलीच्या मिशन शाळेत गेले. सुट्टी मिळाली की कित्येक मैलांची वाट पायी तुडवून ते घर गाठत. घरून खर्च झेपेना, तेव्हा औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून ते तिकडे गेले. तेथे हाताने स्वयंपाक करावा, कधी अर्धपोटी राहावे, आणि पुस्तके दुसऱ्याची मागून वाचावी, असे दिवस त्यांनी काढले. त्यातच प्लेगची साथ आली आणि औंध सोडावे लागले. मग पुणे गाठले. १९१७ साली आई वारली, तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता. अखेरच्या क्षणी आपण तिच्याजवळ नव्हतो, हे शल्य त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून ते मॅट्रिक झाले आणि पुढे न्यू पूना कॉलेजात, म्हणजे ज्याला नंतर सर परशुरामभाऊ महाविद्यालय हे नाव मिळाले त्या कॉलेजात शिकून पदवीधर झाले. एम. ए. ही पदवीही त्यांनी मिळवली.

या सर्व काळात त्यांना कोणी ना कोणी मदत केली. कधी मित्राच्या घरी जेवण मिळाले, तर कधी कोणाच्या खोलीत राहायला जागा. म्हणूनच ज्या मुलाच्या पेटीत दुसरा सदरा नाही, ज्याच्या घरून मनिऑर्डर येत नाही आणि जो हे कोणाला सांगत नाही, त्या मुलाला ओळखायला गुरुजींना कधी वेळ लागला नाही. ते स्वतः तसेच मूल होते.

अमळनेरचे छात्रालय

खानदेशात बोरी नदीच्या काठी अमळनेर हे गाव आहे. तेथे प्रताप शेठ या दानशूर गृहस्थांनी तत्त्वज्ञान मंदिर नावाची संस्था उभी केली होती. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी गुरुजी तेथे आले. परंतु निव्वळ ग्रंथांत त्यांचे मन रमेना. १९२४ साली ते अमळनेरच्या हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. हेच पुढे प्रताप हायस्कूल या नावाने प्रसिद्धीस आले. थोड्याच काळात शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली, आणि येथून त्यांच्या खऱ्या कामास सुरुवात झाली.

त्या काळचे छात्रालय कसे असेल याची कल्पना आजच्या विद्यार्थ्यांना यावयाची नाही. आज वसतिगृहात वीज असते, नळाला पाणी असते, आणि घरी बोलायचे म्हटले तर खिशात फोन असतो. त्या वेळी दिवे म्हणजे कंदील. काच काळी झाली की पुसावी लागे, तेल भरावे लागे. कपडे हाताने धुवायचे. घरून पत्र यायला आठवडा लागायचा. खेड्यापाड्यांतून आलेली दहा-बारा वर्षांची मुले, प्रथमच आईपासून दूर राहिलेली. अशा मुलांच्या मनात रात्रीच्या वेळी काय येत असेल, ते ज्यांनी वसतिगृहात दिवस काढले आहेत त्यांना सांगायला नको.

छात्रालयाचा चालक म्हटला की आपल्यापुढे हातात छडी आणि बगलेत हजेरीचे पुस्तक असलेली मूर्ती उभी राहते. गुरुजींची रीत निराळी होती. एखाद्या मुलाची खोली अस्वच्छ दिसली तर ते त्याला रागावत नसत. मुले बाहेर गेली की स्वतः केरसुणी घेऊन ती खोली झाडून काढत. अंथरूण तसेच पसरलेले असेल तर ते घडी घालून ठेवत. कंदिलाच्या काचा पुसून ठेवत. मळलेले कपडे दिसले तर धुऊन वाळत घालत. मुलगा परत येऊन पाहतो तो खोली लखलखीत. हे कोणी केले हे कळल्यावर त्या मुलाची मान खाली जाई, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आपली खोली आपण झाडू लागे. कोणी तापाने आजारी पडला तर गुरुजी त्याच्या उशाशी बसत आणि रात्र रात्र जागत. आपल्या पगारातील मोठा वाटा ते गरीब विद्यार्थ्यांसाठी खर्च करत. त्यांनी लग्न केले नाही, स्वतःचा संसार मांडला नाही. छात्रालयातील मुले हाच त्यांचा संसार झाला.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो घेण्यासारखा आहे. शिक्षकाने मुलांची कामे करावीत काय? त्यामुळे मुले परावलंबी होणार नाहीत काय? अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात स्वावलंबनावर प्रकरणेच्या प्रकरणे असतात आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही येतात. परंतु स्वावलंबन हे सांगून येत नाही, असाच माझाही अनुभव आहे. वर्ग स्वच्छ ठेवा, हे वाक्य फळ्यावर वर्षभर लिहून ठेवले तरी कागदाचे बोळे बाकाखाली पडतातच. ज्या दिवशी शिक्षक स्वतः वाकून एक बोळा उचलतो, त्या दिवशी चार मुले वाकतात. गुरुजींनी मुलांची कामे जन्मभर केली नाहीत. मुलांना लाज वाटेल इतकीच केली. ती लाज शिक्षेच्या भीतीपेक्षा जास्त टिकली. अमळनेरच्या छात्रालयातून बाहेर पडलेले विद्यार्थी स्वतःचे काम स्वतः करणारे निघाले, एवढेच नव्हे तर त्यांतील कित्येक पुढे दुसऱ्यांच्या कामासाठी तुरुंगात जाणारे निघाले.

रोज एक अंक

छात्रालयात गुरुजी एक दैनिक काढत. त्याचे नावही ‘छात्रालय’ असेच होते. हे दैनिक छापलेले नव्हते, हाताने लिहिलेले होते. संपादक, लेखक आणि लेखनिक सर्व काही गुरुजीच. दिवसभर शाळेत शिकवावे, संध्याकाळी मुलांना गोष्टी सांगाव्या, त्यांच्यात खेळावे, आजाऱ्याची विचारपूस करावी आणि मग सवडीतून वेळ काढून दुसऱ्या दिवशीचा अंक लिहावा. त्यात थोरांची चरित्रे असत, देशातील घडामोडी असत, कविता असत, आणि छात्रालयातील बऱ्यावाईट गोष्टींविषयीही चार शब्द असत. जे समोरासमोर बोलले तर मुलाला लागेल, ते लेखातून हळुवारपणे सांगता येई.

ज्या शाळांत महिन्यातून एकदा भित्तिपत्रक निघते, तेथील शिक्षकांना विचारावे की तेवढ्यासाठी किती धावपळ होते. मुलांकडून लेख मिळत नाहीत, चांगले अक्षर असलेला विद्यार्थी नेमका गैरहजर असतो, आणि महिन्याचा अंक दुसऱ्या महिन्यात लागतो. येथे एक मनुष्य रोज एक अंक लिहीत होता. वाचक किती, तर छात्रालयातील मुले. मानधन नाही, प्रसिद्धी नाही. तरीही हे काम त्यांनी नेटाने केले. पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक काढले आणि छात्रालयाबाहेरच्या मुलांपर्यंतही ते पोहोचले.

मराठी भाषेचा एवढा मोठा लेखक घडला तो या रोजच्या अंकातून, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतले. गुरुवार, ९ फेब्रुवारी रोजी सुरुवात केली आणि सोमवार, १३ फेब्रुवारीच्या सकाळपर्यंत पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून झाला. म्हणजे आठवडाही पुरा लागला नाही. लोकांना हा चमत्कार वाटतो. परंतु ज्या हाताला वर्षानुवर्षे रोज रात्री मुलांसाठी लिहिण्याची सवय होती, त्या हाताने पाच दिवसांत पुस्तक लिहिले यात नवल ते काय? त्या पुस्तकाची मांडणीही पाहावी. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईची एक एक आठवण सांगतो, आणि म्हणून त्यातील प्रकरणांना रात्र असे नाव आहे. छात्रालयात संध्याकाळी मुलांभोवती बसून गोष्टी सांगणारे गुरुजीच तेथे बसलेले आहेत. या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला आणि त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. ते पाहायला गुरुजी मात्र हयात नव्हते.

शाळा सोडली, शिकवणे सोडले नाही

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला. गुरुजी पूर्वीपासून खादी वापरत असत. मुलांना देशभक्तांची चरित्रे सांगायची आणि स्वतः मात्र पगार घेत बसायचे, हे त्यांच्या मनाला पटेना. एप्रिल १९३०च्या अखेरीस त्यांनी शाळा सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. छात्रालयातील मुलांना सोडून जाताना त्यांना काय वाटले असेल? परंतु मुलांना जे शिकवले ते स्वतः करून दाखवण्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी पाऊल मागे घेतले नाही.

यानंतरची जवळजवळ पंधरा वर्षे तुरुंग आणि चळवळ यांतच गेली. धुळ्याच्या तुरुंगातून त्यांना दूर मद्रास इलाख्यात त्रिचनापल्लीच्या तुरुंगात नेण्यात आले. तेथे निरनिराळ्या प्रांतांतले राजबंदी होते. गुरुजींनी त्या तुरुंगाचा वर्ग केला आणि या वेळी ते विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले. तमिळ शिकले, बंगाली शिकले. पुढे तिरुवल्लुवर या संतकवीच्या ‘कुरल’ ग्रंथाचा त्यांनी मराठीत अनुवाद केला तो याच शिकण्याच्या बळावर.

१९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तेथेच होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर प्रवचन दिले. अठरा रविवार आणि अठरा अध्याय. ही प्रवचने लिहून घेतली ती साने गुरुजींनी. आज भारतातील अनेक भाषांत जे ‘गीता प्रवचने’ पुस्तक वाचले जाते, ते गुरुजींच्या लेखणीमुळे टिकून राहिले. येथे विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गुरुजी स्वतः एम. ए. होते, तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते, नामांकित शिक्षक होते. तरीसुद्धा दुसरा बोलत असताना खाली बसून त्याचे शब्द टिपून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. वर्गात टिपणे काढायचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांनी हे अठरा रविवार आठवावेत.

तुरुंगाबाहेर असताना त्यांचा आठवडा तितकाच भरलेला असे. १९३६ साली फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. तेथे गुरुजींनी ग्रामसफाईचे आणि मैला वाहण्याचे काम केले. अमळनेरच्या छात्रालयात केरसुणी धरणारा हात येथेही तेच करत होता. १९३८ साली त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक सुरू केले, आणि खानदेशातील शेतकरी व कामगार यांच्या अडचणी त्यातून मांडल्या. १९४२च्या चळवळीत ते भूमिगत राहिले, पुढे पकडले गेले. राष्ट्र सेवा दलातील मुलामुलींमध्ये तर ते इतके मिसळून गेले की त्यांच्याभोवती जमलेला घोळका हाच त्यांचा वर्ग झाला.

पंढरपूरचे उपोषण

स्वातंत्र्य जवळ आले, तरी पंढरपूरच्या विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना बंद होते. ज्या देवाला सारा महाराष्ट्र माउली म्हणतो, त्याच्या दारातून काही लेकरांना परत फिरवले जाते, हे गुरुजींना सहन झाले नाही. त्यांनी महाराष्ट्रभर दौरा काढला, गावोगाव सभा घेतल्या, मंदिरे व विहिरी सर्वांना खुल्या कराव्यात अशी विनवणी केली. मे १९४७ मध्ये पंढरपूर येथे तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण आरंभले. सुमारे दहा दिवसांनी मंदिर सर्वांसाठी खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले.

या प्रसंगातही त्यांच्यातील शिक्षक दिसतो. ज्याने चूक केली आहे त्याला दंड करायचा नाही, आपण स्वतः कष्ट सोसायचे आणि त्याच्या मनाला जाग आणायची, हीच त्यांची छात्रालयातील रीत होती. फरक इतकाच की तेथे एका मुलाची खोली होती आणि येथे सारा समाज होता.

दुसऱ्याच्या धर्माकडे पाहण्याची दृष्टी

आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. भारतीय संस्कृतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या गुरुजींनी इस्लामचाही अभ्यास केला आणि हजरत मुहंमद पैगंबर यांचे चरित्र मराठीत लिहिले. ‘इस्लामी संस्कृती’ या नावाने हे लेखन त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. मराठी बोलणाऱ्या पण इस्लामविषयी काहीच न वाचलेल्या माणसापुढे पैगंबरांचे जीवन आदराने, सोप्या भाषेत ठेवावे, हा त्यांचा उद्देश होता. शेजारी राहणाऱ्या माणसाचा धर्म माहीत नसणे हेच पुष्कळशा गैरसमजांचे मूळ असते. गुरुजींना ते कळत होते, म्हणून त्यांनी वाद घालण्याऐवजी अभ्यास केला.

याच भूमिकेतून त्यांच्या मनात आंतरभारतीची कल्पना आली. एका प्रांताच्या लोकांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तेथील साहित्य वाचावे, एकमेकांच्या घरी राहावे, म्हणजे भारत नकाशावर जसा एक आहे तसा मनातही एक होईल. १९४९ साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनात त्यांनी हा विचार मांडला. प्रेम हाच धर्म मानणारी त्यांची प्रार्थना आजही महाराष्ट्रातील कितीतरी शाळांत, सर्व धर्मांची मुले एका रांगेत उभी राहून म्हणतात. आपल्या शाळेतील मुले मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि इंग्रजीही शिकतात. पालकांना कधी कधी त्याचे ओझे वाटते. गुरुजी असते तर त्यांनी या मुलांचे कौतुकच केले असते, कारण जितक्या भाषा तितक्या घरांचे दरवाजे उघडतात.

अखेर

गांधीजींच्या हत्येने गुरुजींना फार मोठा धक्का बसला. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ हे साप्ताहिक सुरू केले. अमळनेरचे दैनिक ‘छात्रालय’ ज्या हातांनी लिहिले, तेच हात आता दर आठवड्याला महाराष्ट्रासाठी लिहू लागले. त्यात पुतणी सुधा हिला उद्देशून लिहिलेली त्यांची पत्रे येत असत. एका मुलीला लिहिलेली ती पत्रे सगळ्या मुलांची झाली आणि पुढे ‘सुंदर पत्रे’ या नावाने त्यांचे पुस्तक निघाले.

परंतु स्वातंत्र्यानंतर देशात जे चालले होते ते पाहून त्यांचे मन खिन्न होत गेले. ११ जून १९५० रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतः आपली जीवनयात्रा संपविली. ही गोष्ट विद्यार्थ्यांपासून लपवावी असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. मात्र ती सांगताना दोन शब्द जास्त सांगितले पाहिजेत. हा त्यांच्या जीवनाचा आदर्श नव्हे. या त्यांच्या शेवटच्या कृतीत अनुकरण करण्यासारखे काहीही नाही, आणि त्यांच्या लाडक्या मुलांना तर तिने अपार दुःख दिले. ज्यांनी कित्येक मुलांच्या उशाशी रात्री जागवल्या, त्यांचे स्वतःचे मन किती थकले आहे, हे ओळखून त्यांच्या उशाशी बसणारे कोणी वेळेवर मिळाले नाही. यातून बोध घ्यायचा तो आपण सर्वांनी. मन फार जड झाले तर ते एकट्याने वाहू नये. आईवडिलांना, शिक्षकाला, मित्राला किंवा डॉक्टरला सांगावे. सांगण्यात दुबळेपणा नाही. आणि जो सर्वांची काळजी घेतो त्याचीही काळजी घ्यावी लागते, याचा विसर घरात आणि शाळेत पडू देऊ नये.

आपण काय घ्यावे

गुरुजींसारखे होणे प्रत्येक शिक्षकाला जमणार नाही. शिक्षकालाही बायकामुले असतात, घरभाडे असते, म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी असते. सर्वस्व अर्पण करा, असे शिक्षकाला सांगणे सोपे असते, कारण सांगणाऱ्याला स्वतः ते करायचे नसते. परंतु तक्त्याबाहेरचा एक तास प्रत्येकाला देता येतो. आठवड्यातून एका गैरहजर मुलाच्या घरी जाता येते. ज्याच्या घरी कोणी शिकलेले नाही अशा एका मुलाची वही जास्त लक्ष देऊन तपासता येते.

पालकांनाही नम्रपणे सांगावेसे वाटते की, शिक्षकाची भेट फक्त निकालाच्या दिवशी घेऊ नका. मुलगा शाळेत काय करतो, कोणात बसतो, गप्प का झाला आहे, हे विचारायला अधूनमधून या. फी भरता येत नसेल तर मुलाला घरी बसवू नका, येऊन सांगा. न सांगितलेल्या गरिबीमुळे जितकी मुले शाळेतून गळतात, तितकी नापास झाल्याने गळत नसतील. पालगडच्या त्या कर्जबाजारी घरातील मुलगा शिकू शकला, कारण त्याला वाटेत मदत करणारी माणसे भेटली. आपल्या संस्थेसारख्या संस्था चालतात त्या अशीच माणसे मुलांना वाटेत भेटावीत म्हणून.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एवढेच. ‘श्यामची आई’ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाठ्यपुस्तकातील धड्यापुरते वाचले असेल. या सुट्टीत ते पूर्ण वाचा, आणि घरात आईला किंवा आजीला मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ते कळते, कारण ते सांगण्यासाठीच लिहिलेले आहे. वाचून झाले की उद्या सकाळी स्वतःचे अंथरूण स्वतः घडी करून ठेवा. गुरुजींच्या छात्रालयात पहिला धडा हाच होता.